पोतोसीच्या खाणीतील भयकथा: एल तिओ खलनायक असावा का?

प्रश्न: बोलिव्हियातील पोतोसीच्या सेर्रो रिको डोंगरातील खाणींवर मी भयकथा लिहीत आहे. खाणकामगार ज्याला भूगर्भाचा धनी मानतात, त्या शिंगे असलेल्या एल तिओला खलनायक करावे का?

उत्तर १: कृपया तसे करू नका. कामगार त्याच्या मूर्तीपुढे कोकाची पाने व दारू ठेवतात, तिच्या तोंडात पेटती सिगारेट देतात. तो प्रसन्न झाला तर धातूची शीर सापडते आणि कोपला तर अपघात होतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. बाहेर येशूला भजणारी माणसे खाणीत शिरताच एल तिओची होतात, आणि कथेचा खरा ताण इथेच आहे.

उत्तर २: सहमत. १५४५ मध्ये तेथे चांदी सापडल्यावर स्पॅनिश राजवटीने ‘मिता’ नावाच्या वेठबिगारीने मूलनिवासींना त्या डोंगरात लोटले. आजही धुळीने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार कामगारांचा बळी घेतो. भुतापेक्षा हे भयंकर आहे.

उत्तर ३: अंधारात वेळ कसा कळतो, तेही दाखवा. गालात धरलेल्या कोकाच्या पानांची चव उतरली की कामाच्या पाळीचा बराच भाग सरला, असे कामगार ओळखतात. एखाद्याच्या तोंडातील चव उतरतच नाही, असे लिहून पाहा.