पीककर्ज लग्नात उडवतात म्हणे!

लालबागकर: काल इथे एकाने लिहिलं, 'शेतकरी पीककर्ज उचलतात, लग्नात उडवतात आणि भरतो आम्ही मुंबईकर.' डोकंच फिरलं. माझ्या भावाची साताऱ्याच्या माण तालुक्यात अडीच एकर कोरडवाहू. जूनमध्ये गावच्या पीककर्ज सोसायटीचे 35 हजार आले. कृषी केंद्राची मागची उधारी 14, वहिनीचा दवाखाना 9, पोराची फी 6. उरलेल्यात पेरणी. यात बँडबाजा कुठे दिसला?

घाटकोपरचा बँकवाला: 24 वर्षं बँकेत काढलीत. किसान क्रेडिट कार्डात घरखर्चाला 10 टक्के धरलेलेच असतात. वेळेत भरलं तर केंद्राच्या सवलतीने व्याज 4 टक्के, राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना धरून 3 लाखांपर्यंत शून्य. माझं गृहकर्ज साडेआठने! वर 2017ला माफी, 2019ला माफी. तरी मार्च आला की 'साहेब, नवं-जुनं करा', म्हणजे जुनं भरून घ्या आणि लगेच नवं द्या.

पाचटवाला: नवं-जुनं कसं होतं ते ऐका साहेब. 30 मार्चला वडिलांनी सावकाराकडून महिना शेकडा 3ने पैसे आणून भरणा केला. आठ दिवसांत नवीन कर्ज मिळणार होतं, मिळालं जूनअखेर. तीन महिने सावकाराचं व्याज. घ्या तुमचं शून्य टक्के.

माहेरवाशीण, डोंबिवली: सातबारावर माझंही नाव. कर्जाच्या सहीला भाऊ डोंबिवलीपर्यंत पेढे घेऊन येतो. हिश्श्याचं काढलं की मी परकी.

लालबागकर: ताई, विषय कर्जाचा चाललाय.

माहेरवाशीण, डोंबिवली: कर्जाचंच बोलतेय! सहकर्जदार म्हणून सही केली, त्याने थकवलं. फ्लॅटच्या कर्जासाठी सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, काढलं तर थकबाकीदार मी.

पाचटवाला: मग हक्कसोड करून मोकळ्या व्हा ना.

माहेरवाशीण, डोंबिवली: तुम्ही का नाही होत? जमीन सोडायला बहीण, बोजा उचलायलाही बहीण!

घाटकोपरचा बँकवाला: सही केलीत तर सिबिलवर येणारच, न वाचता करता कशाला? असो. लालबागकर, 35 हजारांचे 10 टक्के साडेतीन, दवाखाना 9. नियम तोकडा पडला, मान्य. खूश? माफीचं मात्र मान्य नाही.

माहेरवाशीण, डोंबिवली: लालबागकर, तुमच्या सातबारावर कोण कोण आहे?

लालबागकर: मी आणि भाऊ. बहिणीने 2009ला सोडलं. राजीखुशीने.

माहेरवाशीण, डोंबिवली: बदल्यात काय दिलंत?

लालबागकर: साडीचोळी केली होती.