जंक शिडाच्या नौकेवर लफ पॅरल हवाच कशाला?

खारा_वारा:
जंक शीड (आडव्या काठ्यांचं चिनी धाटणीचं शीड) सोपं म्हणून घ्यायचं आणि मग कॉकपिटमध्ये दोऱ्यांचा गुंता करून ठेवायचा, हे मला पटत नाही. हॅलियार्ड (शीड चढवायची दोरी) आणि शीट (शिडाचा कोन सांभाळणारी दोरी) लागणारच. परबाण (शिडाची वरची काठी) डोलकाठीला आवळून धरणारा यार्ड पॅरलही मान्य. तो नसेल तर रीफ केल्यावर (जोराच्या वाऱ्यात शीड थोडं उतरवून लहान केल्यावर) प्रत्येक हेलकाव्याला परबाण डोलकाठीवर आदळतं. पण पुढची कड डोलकाठीकडे ओढणारा लफ पॅरल कशाला? त्याऐवजी हाँगकाँग पॅरल लावा: बॅटनच्या (शिडातल्या आडव्या काठीच्या) पुढच्या टोकापासून खालच्या बॅटनवर जरा मागे, अशी तिरकी आखूड दोरी. बंदरात एकदा ताणून बांधली की विषय संपला. 1960 च्या पहिल्या एकहाती अटलांटिक शर्यतीत ब्लाँडी हॅसलरने 25 फुटी ‘जेस्टर’ 48 दिवसांत प्लिमथहून न्यूयॉर्कला नेली. तोही कष्ट वाचवायलाच या शिडाकडे वळला होता.

उधाण:
हॅसलरचे कष्ट वाचले ते दोऱ्या कमी होत्या म्हणून नव्हे, तर त्या हॅचमध्ये (डेकमधल्या झाकणाच्या तोंडात) उभं राहून हाताला येत होत्या म्हणून! बंदरात बांधलेली दोरी समुद्रात बदलता येत नाही. वारा मागून आला की मी लफ पॅरल सैल सोडतो, शीड थोडं पुढे सरकतं आणि सुकाणूवरचा ताण लगेच उतरतो. पुन्हा वाऱ्यावर चढायचं (वाऱ्याच्या रोखाने जायचं) तर ओढून घेतो, परबाणाच्या पुढच्या टोकापासून खाली मागे जाणाऱ्या तिरक्या सुरकुत्या डोळ्यांदेखत विरतात. ही सोय मी सोडणार नाही.

दोरखंड:
दोघांनीही क्रमाबद्दल काहीच लिहिलं नाही, आणि निम्मा त्रास तिथेच आहे. चढवताना आधी शीट आणि दोन्ही पॅरल सैल, मगच हॅलियार्ड. रीफ करताना आधी हॅलियार्ड सोडा, मग यार्ड पॅरल, लफ पॅरल आणि शेवटी शीट ओढून घ्या. प्रत्येक रीफला दोरी क्लीटवर (दोरी अडकवायच्या खुंटीवर) जिथे येते तिथे लाल दोऱ्याचे चार टाके घाला, अंधारात बोटांना कळतात.

उधाण:
टाक्यांची कल्पना झकास. हॅलियार्डवरही घालतो.

खारा_वारा:
टाके घाला, पण माझा आक्षेप तसाच उभा आहे. शीड झटकन उतरवलं की लफ पॅरल सैल पडतो, त्याचा फास बॅटनच्या टोकात अडकतो. तो सोडवायला भर वाऱ्यात पुढे डेकवर जायचं कोणी? आखूड बांधलेल्या दोरीला फासच पडत नाही.