पहिली रोड बाईक घ्यायची आहे: ५२ की ५४ सेंमीची फ्रेम?

नमस्कार मंडळी. वर्षभर हायब्रिड सायकलवर नाशिक-त्र्यंबक (एका बाजूने साधारण ३० किमी) आणि गंगापूर धरण अशा फेऱ्या करतोय. आता चांगली रोड बाईक (पातळ टायर, खाली वळलेलं हँडल असलेली वेगवान सायकल) घ्यायची आहे. बजेट ७० हजार, हेल्मेट वेगळं. शर्यतीत उतरायचं नाही. पावसाळ्यानंतर कसारा घाट उतरून पुन्हा चढायचा, एवढंच मनात आहे.

उंची ५ फूट ६ इंच, पायाची आतली लांबी ७८ सेंमी. फ्रेमचं माप काढायला त्याला ०.६६५ने गुणलं की ५२ येतं. दुकानदार मात्र ५४च घ्या म्हणतो, कारण शिल्लक तीच आहे. मित्राची ५४ची चालवून पाहिली. तासाभरात तळहात बधिर झाले, हँडल लांब वाटलं. स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा) आखूड करून हे सुटतं, की फ्रेमच चुकीची?

दुसरी अडचण गिअरची. एकीकडे शिमानोच्या ८ स्पीडच्या (मागे ८ चकत्या) क्लॅरिस गिअरची सायकल आणि डिस्क ब्रेक, दुसरीकडे शिमानोच्याच ९ स्पीडच्या सोरा गिअरची, पण रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारे). दोन्हींत चकत्यांना पुढे ५०-३४ दात, मागे ११ ते २८. घाटासाठी मागे ३२ दात हवेतच का? टायर २८ मिमी तरी बसायला हवा, आपल्या रस्त्यांवर २५ नको वाटतो.

वापरलेली सायकल नको, पारख जमत नाही. ५२साठी दोन महिने थांबायची तयारी आहे. थांबू का, आणि दोन्हींतली कोणती घेऊ?