छत्री टपावर नको

दादा: काका, कॅम्पर, आपली मुक्कामाची गाडी, बांधून तयार झाली. एकच काम राहिलंय, टीव्हीची छत्री. गाडीवाले म्हणतात टपावर पाइप उभा करतो आणि कायमची बसवून टाकतो. त्यांना उद्या सकाळी होय की नाही ते कळवायचंय. तुम्ही काय म्हणता?

मोठे काका: टपाला भोक पाडायला होकार देऊ नकोस. जेवण झालं की सविस्तर लिहितो.

वहिनी: काका, आम्ही मुद्दाम जिथे मोबाइलला रेंज नाही अशाच जागी राहणार आहोत, म्हणून छत्री हवीच आहे. आजोबा सोबत आहेत. रात्रीच्या बातम्या झाल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नाही.

आत्या: भाऊ, नीट सांग हं त्यांना. बाबांची तेवढी एकच गरज असते दिवसभरात.

मोठे काका: सांगतो ना. हे काम आयुष्यभर केलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल, वाचून घ्या.

टीव्हीचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तो पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला आकाशात एका जागी खिळलेला वाटतो. तो हलत नाही, तेव्हा छत्रीनेही हलायचं नाही, एवढंच सगळं गणित आहे. ६० सेंटीमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम ३ अंश रुंद. हात सरळ लांब करून दोन बोटं जोडून आकाशासमोर धर. ती दोन बोटं जेवढं आकाश झाकतात, तेवढंच तिला दिसतं. मधल्या रेषेपासून दीड अंश सरकली की सिग्नल निम्म्यावर.

आता ही छत्री टपावर बसव. गाडी उभी असते टायर आणि स्प्रिंगांवर. आत कुणी या टोकाकडून त्या टोकाला गेलं की गाडी डुलते, आणि टपावर पाइपच्या टोकाला ते डुलणं आणखी जाणवतं. आकाश निरभ्र असेल तर निभावतं. पण ढग भरून आले, सिग्नल आधीच काठावर आला, की मग कुणी पाणी प्यायला उठलं तरी चित्राचे चौकोनी तुकडे होतात. आणि लोक म्हणतात बॉक्स खराब आहे.

दादा: जॅक लावू की चारी कोपऱ्यांना. मग नाही हलणार.

मोठे काका: जॅक लाव, उपयोग होतो. पण त्याहून मोठी अडचण सावलीची आहे. मुक्कामाला गाडी कुठे लावशील? झाडाखाली. माणसाला सावली हवी आणि छत्रीला उघडं आकाश हवं. दोघांना एकाच टपावर बांधलंस तर रोज भांडण. एक तर आजोबा उन्हात तापणार, नाहीतर टीव्ही बंद. पान ओलं असेल तर आणखी वाईट, कारण या लहरी १० ते १२ गिगाहर्ट्झच्या, त्यांना पाणी सोसत नाही. फांदीमधून थोडं आकाश दिसतंय म्हणजे भागेल, असं होत नाही.

आणि तिसरं म्हणजे टप. कॅम्परचा टप म्हणजे वरून पातळ पत्रा किंवा फायबर आणि आत फोम. स्क्रूला धरायला त्यात काही नाही. वाऱ्याने पाइप रोज हिसडे देणार, भोक सैल होणार, सीलंट तडकणार. पाणी मग भोकाखालीच टपकत नाही, ते आतल्या आत वाहत जाऊन भलतीकडे निघतं. तोवर फोम आणि लाकूड कुजायला लागलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एकच. छत्री गाडीवर नको, जमिनीवर तिपाईवर ठेवा. गाडीला कायमचं काय बसवायचं असेल तर फक्त केबल आत घ्यायचं सॉकेट.

ताई: काका, ते पांढरे घुमट मिळतात ना, आपोआप उपग्रह शोधणारे? एक बटण दाबलं की झालं.

मोठे काका: मिळतात आणि चांगले असतात. आत मोटर असते, जीपीएस असतो, काही तर गाडी चालू असतानाही सिग्नल धरून ठेवतात. ज्याला तिपाई उचलणं झेपत नाही त्याने जरूर घ्यावा. पण घुमटाला झाडाआडचं दिसत नाही, सावलीचा प्रश्न तसाच राहतो. शिवाय आतली छत्री लहान असते, त्यामुळे पाऊस लागला की ती मोठ्या छत्रीच्या आधी हात टेकते. आणि दादा, टपावर सोलर पॅनल घेतलंयस ना? घुमटाची नाहीतर छत्रीची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी फटका कोपऱ्यापुरता बसत नाही. सेल एकामागे एक जोडलेले असतात, एक अडला की त्याच्या ओळीतले सगळे अडतात.

दादा: पॅनलचं माझ्या डोक्यातच नव्हतं. तेवढ्यासाठी टपाचा विचार सोडला. पण काका, तिपाई रोज मांडायची, रोज उचलायची. चिखल असला तर? वाऱ्याने पडली तर?

मोठे काका: रास्त प्रश्न आहेत. चिखलात तिन्ही पायांखाली फळकुटं ठेवायची, पाय रुतला की नेम गेला. वाऱ्यासाठी तिपाईच्या मधोमध खाली हुक असतो, त्याला १० लिटरचा पाण्याचा कॅन अडकवायचा, जमिनीला टेकेल न टेकेल इतका. ६० सेंटीमीटरच्या छत्रीवर ताशी ६० किलोमीटरचा झोत समोरून आला तर साधारण ६ किलोचा रेटा बसतो. कॅन आणि दोन दोऱ्या असल्या की तिपाई हलत नाही. याहून जोराचा वारा सुटला किंवा वीज कडाडायला लागली तर टीव्ही बघूच नये. छत्री आडवी करावी आणि बॉक्समागची केबल काढून ठेवावी.

आणि हाच हिशेब चालत्या गाडीचा करून बघ. ताशी ९० ला तोच रेटा १३ किलोच्या आसपास जातो, तोही तासन्‌तास, वरून खड्ड्यांचे दणके. उभी छत्री घेऊन गाडी अजिबात हाकायची नाही.

वहिनी: काका, मांडायचं काम माझ्याकडे येणार आहे. हे गाडी चालवून दमलेले असतात. मला अगदी पहिल्यापासून सांगा. मी कधी छत्रीला हात लावलेला नाही.

मोठे काका: सूनबाई, तुला नक्की जमेल. हे ताकदीचं काम नाही, धीराचं आहे.

आधी जागा. फोनमध्ये उपग्रह दाखवणारं अ‍ॅप घाल आणि घरून निघतानाच घाल, तिथे रेंज नसेल. ते दोन आकडे देतं, दिशेचा आणि उंचीचा. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला, तेव्हा उपग्रह दक्षिणेच्याच अंगाला असणार, कमीअधिक पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकलेला. उंची मोजायला हात पुरतो. हात लांब करून मूठ आडवी धर, एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत वर जा. ४५ अंश म्हणजे साडेचार मुठी. तिथे पान, फांदी, तार, काही नको. झाडाचा अंदाज असा ठेव की उपग्रह ४५ अंशांवर असेल तर झाड जितकं उंच तितकं तरी ते लांब हवं. ३० अंशांवर असेल तर पावणेदोन पट लांब.

मग तिपाईचा खांब. सगळ्यात जास्त वेळ इथे घालव. खांबाला पाणसळ लाव, समोरून आणि मग बाजूने, दोन्हीकडून बुडबुडा मधोमध यायला हवा. पाणसळ नसेल तर दोऱ्याला नट बांध, ओळंबा तयार. खांब सरळ असला तरच छत्रीमागच्या पट्टीवरचे अंश खरे. खांब कलला तर पट्टी ४५ दाखवते आणि छत्री बघते ४१ कडे. मग रात्री ९ पर्यंत फिरवत बस, काही लागणार नाही. गाडी उंचसखल जमिनीवर उभी असली की टपावरचा पाइप असाच कलतो, हेही टप नको म्हणायचं एक कारण.

दादा: हे पटलं.

मोठे काका: पुढे. पट्टीवर उंचीचे अंश लावून नट अर्धवट आवळ. छत्री तुला अगदी उभी वाटेल, जणू समोरच्या झाडाकडेच बघतेय. तिला मागे झुकवायचा मोह होईल, झुकवू नकोस. या छत्र्यांची बनावटच अशी असते की वरून आलेली लहर तिरकी खाली परावर्तित होऊन एलएनबीत, म्हणजे छत्रीसमोर दांड्यावर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या भागात जाते. दिसण्यात आणि खऱ्या नजरेत वीस-पंचवीस अंशांचा फरक असतो. पट्टीत तो धरलेला असतो, म्हणून डोळ्यावर विश्वास नको, पट्टीवर ठेव.

एलएनबीलाही थोडं फिरवावं लागतं, त्याचा तिसरा आकडा अ‍ॅपमध्ये असतो. लांबचा प्रवास झाला की तो बदलतो.

दिशा बघताना फोन घेऊन गाडीपासून पाच-सहा पावलं लांब जा. गाडीच्या लोखंडाजवळ होकायंत्र फसतं. तिथून दिशेला लांबचं एखादं ठळक झाड किंवा खांब हेरून ठेव, मग परत येऊन छत्री तिकडे रोख.

आता बॉक्सवर सिग्नलचा पडदा उघड. दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थकडे फार बघू नकोस, ती शेजारचा भलता उपग्रह लागला तरी चढते. आपला तो लागला की क्वालिटी उठते. छत्री केसभर फिरव आणि थांब, मनात पाचपर्यंत मोज, कारण बॉक्सला सिग्नल धरायला वेळ लागतो. परत केसभर, परत थांब. नवा माणूस भर्रकन फिरवतो, उपग्रह समोरून निघून जातो आणि बॉक्सला पत्ताही लागत नाही. पूर्ण फेरी झाली तरी काही नाही, तर उंची एक अंश वर किंवा खाली करून पुन्हा फेरी.

क्वालिटी आली म्हणून लगेच आवळू नकोस. डावीकडे सरकव जिथे ती पडते तिथवर, मग उजवीकडे जिथे पडते तिथवर, आणि दोन्हीच्या बरोबर मध्ये आण. वर-खालीही तसंच. हे केलेलं असलं की हलक्या पावसातही बातम्या चालू राहतात. नट आवळताना क्वालिटीच्या पट्टीवर नजर ठेव. एकच नट पुरा आवळला तर छत्री तिकडे ओढली जाते. आलटून पालटून थोडे थोडे आवळ.

वहिनी: सेव्ह करून ठेवलं. प्रत्येक मुक्कामाला हे सगळं?

मोठे काका: दिशा प्रत्येक वेळी. उंची मात्र जवळच्या मुक्कामांना फारशी बदलत नाही. उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटर गेलात तर अंशभराचा फरक. म्हणून छत्रीमागच्या पट्टीवर मार्करने खूण करून ठेव, पुढच्या वेळी खुणेपासून सुरुवात.

एक महत्त्वाचं राहिलं. केबलचा कनेक्टर लावताना-काढताना बॉक्स बंद हवा. एलएनबीला वीज बॉक्सकडूनच जाते, त्याच केबलमधून, १३ किंवा १८ व्होल्ट. मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली की शॉर्ट होतं.

ताई: घरचाच बॉक्स नेला तर चालेल का?

मोठे काका: उपग्रह तोच, म्हणजे चित्र येईल. कनेक्शन घराच्या पत्त्यावर असतं, तेव्हा बाहेर वापरायची परवानगी कंपनीला विचारून घ्या. बॉक्सचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असेल तर गाडीच्या बॅटरीवर इन्व्हर्टरशिवायही चालवता येईल, पण मध्ये रेग्युलेटर हवा. चार्ज होताना बॅटरी १४ च्या वर जाते.

दादा: काका, मागच्या शिडीचा फोटो टाकलाय. जागा अरुंद असेल, तिपाई मांडता येत नसेल, तर हिला क्लॅम्प करून चालेल? भोक पाडायला नको.

मोठे काका: फोटो पाहिला. चालेल, पण दुसरा पर्याय म्हणून. शिडीची नळी अ‍ॅल्युमिनियमची आणि पातळ दिसतेय, क्लॅम्पखाली रबराची पट्टी घाल, नाहीतर नळी चेपेल. वरच्या पायऱ्यांवर नको, खालच्या दोन पायऱ्यांना धरून खांब उभा कर, जितकं खाली तितकं डुलणं कमी. त्या दिवशी जॅक लावायचेच, आणि छत्री लावायची ती जॅक लावून झाल्यावर. आधी लावलीस आणि मग गाडी उचललीस तर सगळा नेम गेला. निघायच्या आधी छत्री उतरवून आत.

आत्या: ते चिकटणारे रबरी कप असतात ना, काचेवर लावायचे, ते?

मोठे काका: धूळ आली, ऊन तापलं की सुटतात. छत्री रस्त्यावर कुणाच्या अंगावर पडायची. मी तरी घरच्यांना देणार नाही.

दादा: मग गाडीवाल्यांना सांगतो, टपावर काही नको, फक्त सॉकेट. कुठे बसवायला सांगू?

मोठे काका: विजेचं सॉकेट ज्या बाजूला आहे तिथेच, शेजारी, कंबरेच्या उंचीला. झाकणवालं घ्यायचं, तोंड खाली. मागून रबराचं वॉशर आणि कडेने सीलंट. तिथून टीव्हीपर्यंत केबल भिंतीतून अखंड न्यायला सांग, मध्ये जोड नको. बाहेरची केबल आरजी-६, २० मीटर, पुरेशी आहे. त्याहून फार लांब केलीस तर सिग्नल केबलमध्येच कमी होत जातो. आणि सॉकेटजवळ केबलला खाली एक झोळ ठेवायचा, पावसाचं पाणी झोळावरून गळून जातं, सॉकेटात शिरत नाही.

दादा: कळवलं त्यांना. सॉकेट परवा बसेल म्हणाले.

वहिनी: काका, तिपाई आली की रविवारी आवारात एकदा मांडून बघते. तुम्ही याल?

मोठे काका: येतो. पाणसळ माझी घेऊन येईन, तुझ्याकडेच ठेव ती. हात मात्र मी लावणार नाही, सगळं तू करायचं.

आत्या: बाबांनाही खुर्ची टाकून बसवा तिथे. पहिलं चॅनेल त्यांचं लावा.