मदत हवी आहे: राज्यपालांच्या नावाचा उल्लेख नसलेले पत्र शासनाचा आदेश ठरते का?

नमस्कार. माझे वडील राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले आहेत. शासन निर्णयाद्वारे मंजूर झालेली त्यांची वेतननिश्चिती आता एका पत्राने रद्द करण्यात आली असून फरकाची रक्कम वसूल करण्याचेही त्यात म्हटले आहे. मूळ शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ आणि उपसचिवांची स्वाक्षरी आहे. नव्या पत्रात मात्र ती ओळ नाही. ‘शासनाने निर्णय घेतला आहे’ एवढेच लिहून कक्ष अधिकाऱ्यांनी सही केली आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ (१) नुसार राज्य शासनाची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त व्हावी लागते, आणि खंड (२) नुसार, नियमांप्रमाणे अधिप्रमाणित झालेल्या (म्हणजे ठरलेल्या अधिकाऱ्याने सही करून खरा असल्याचे प्रमाणित केलेल्या) आदेशाला ‘हा राज्यपालांनी काढलेला आदेशच नव्हे’ या कारणावरून आव्हान देता येत नाही. त्यामुळे हे पत्र मुळातच निरर्थक आहे असे मला आधी वाटले होते. पण दत्तात्रय मोरेश्वर पंगारकर विरुद्ध मुंबई राज्य (१९५२) या निकालात स्थानबद्धता कायम करणारा आदेश राज्यपालांच्या नावाने नसतानाही सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद अनिवार्य नसून निदेशात्मक (म्हणजे ती न पाळल्यामुळे आदेश आपोआप रद्द होत नाही अशी) असल्याचे सांगितले आणि शासनाने निर्णय खरोखर घेतला होता का, हे इतर पुराव्यावरून पाहिले.

बछित्तर सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९६२) हा निकाल मला अधिक जवळचा वाटतो. तेथे बडतर्फीची शिक्षा सौम्य करावी असा शेरा महसूलमंत्र्यांनी फाइलवर लिहिला होता, परंतु तो रीतसर आदेश म्हणून निघाला नाही व संबंधिताला कळवलाही गेला नाही, म्हणून न्यायालयाने त्याला आदेश मानले नाही.

दोन्ही निकाल एकत्र वाचून माझी समजूत अशी झाली आहे की, ती ओळ नसल्याने पत्र आपोआप रद्द होत नाही. मात्र खंड (२) चे संरक्षण जाते आणि कार्यनियमावलीप्रमाणे (शासनात कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे ठरवणाऱ्या नियमांप्रमाणे) सक्षम असलेल्या व्यक्तीनेच निर्णय घेतला, हे शासनाला दाखवावे लागते. ही समजूत बरोबर आहे का? तसे असल्यास माहिती अधिकारात फाइलवरील मूळ टिप्पणीची प्रत आधी मागवावी, की थेट मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जावे? तेथे अर्जाला एक वर्षाची मुदत असते आणि पत्र येऊन सात महिने उलटले आहेत, म्हणून सेवाविषयक प्रकरणे हाताळलेल्या सदस्यांनी कृपया लवकर मार्गदर्शन करावे.