बाबांच्या अँजिओप्लास्टीनंतर आईबाबांना स्वित्झर्लंडला न्यायचं आहे, सोलापूरहून तयारी कशी करावी?

सातरस्ता_७

नमस्कार मंडळी. आईबाबांना स्वित्झर्लंड दाखवायचं किती वर्षांपासून मनात आहे. गेलं वर्ष सगळं दवाखान्यात गेलं. जुलैमध्ये बाबांना (वय ६७) अटॅक आला, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. आमचा टॉवेलचा छोटा कारखाना तीन महिने जवळजवळ बंदच होता. एफडी मोडली, मामांनी पैसे दिले, मेडिक्लेमची रक्कम उशिरा आली. आता बाबा रोज पाऊण तास चालतात आणि डॉक्टर "जायला हरकत नाही" म्हणालेत. गड्डा (जानेवारीतली आमची सिद्धेश्वर जत्रा) संपला, आता तयारीला लागायचं आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही तिघं, दहा दिवस.

विचारायचं असं की, खात्यातली ही उलथापालथ बघून व्हिसा नाकारतील का? बाबांना उंच बर्फाच्या डोंगरावर, युंगफ्राउयोखला, नेता येईल का, त्यांची बर्फ बघायची फार इच्छा आहे. टूर कंपनी बरी की आपलं आपण? आणि बाबांना भाकरीशिवाय चालत नाही, ते कसं करायचं?

फाइलवाला

व्हिसाचं सांगतो. शिल्लक थोडी कमी असली तर फारसं बिघडत नाही, पण कशाची ते कळत नाही अशी मोठी जमा असली की अडतं. तपासणाऱ्याला वाटतं, दाखवण्यापुरते पैसे आणून टाकलेत. तुमच्या खात्यात अशा तीन जमा आहेत आणि तिन्हींना कागद आहे, तो लावा.

कव्हर लेटरच्या मागे एक पान जोडा. त्यात तारीख, रक्कम, कशाचे आणि सोबतचा कागद असे चार रकाने. उदाहरणार्थ: १८ जुलै, नावे २,८५,०००, रुग्णालयाचं बिल, सोबत बिल आणि डिस्चार्ज कार्ड. २२ जुलै, जमा ३,००,०००, एफडी मोडली, सोबत बँकेची एफडी बंद केल्याची पावती. ५ सप्टेंबर, जमा १,९०,०००, मेडिक्लेम, सोबत विमा कंपनीचं सेटलमेंट पत्र. मामांच्या पैशांसाठी त्यांचं सहीचं पत्र (भेट की उसने, स्पष्ट लिहून) आणि त्यांच्या खात्याचा तो महिना दाखवणारा उतारा. स्टेटमेंटवर त्या ओळींपुढे पेन्सिलीने १, २, ३ आकडे घाला आणि तेच आकडे कागदांवर. बघणाऱ्याला शोधावं लागलं नाही पाहिजे.

आजारपण लपवू नका. पत्रात दोनच वाक्यं पुरे: वडिलांवर जुलैमध्ये उपचार झाले, आता प्रकृती स्थिर आहे, हृदयरोगतज्ज्ञांचं प्रवासाला हरकत नसल्याचं पत्र सोबत आहे. कारखाना बंद होता तेही लिहा आणि आता चालू असल्याचा पुरावा म्हणून अलीकडचे जीएसटी रिटर्न लावा. उद्यम नोंदणी, तीन वर्षांचे आयटीआर, वैयक्तिक खातं आणि फर्मचं चालू खातं, दोन्हींचे शिक्क्याचे उतारे. आईच्या नावावर उत्पन्न नसेल तर तिचा खर्च कोण करणार त्याचं पत्र वेगळं. सोन्यावर कर्ज काढून आत्ता खातं फुगवू नका, ते लगेच दिसतं.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, किमान १५ दिवस आधी तरी व्हायलाच हवा. निर्णयाला साधारण १५ दिवस, जास्त तपासणी निघाली तर ४५ पर्यंत. एप्रिल-मेमध्ये सगळा महाराष्ट्र रांगेत असतो, तारखा मिळत नाहीत. तुम्ही मार्चच्या मध्यापर्यंत फाइल द्या. शुल्क मोठ्यांना ९० युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, नाकारलं तरी परत नाही. म्हणून व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. हॉटेलंही फुकट रद्द होणारी घ्या, पण अर्ज विचाराधीन असताना ती रद्द करू नका, पडताळणी होते.

तारीख घेताना केंद्र पुणे निवडा आणि वेळ दुपारी बारानंतरची घ्या. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरली तर साडेदहा-अकरापर्यंत पुण्यात, संध्याकाळच्या हुतात्मानेच परत. तिघांनाही जावं लागतं, बोटांचे ठसे द्यायचे असतात. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) दिले असतील तरच सूट मिळू शकते.

आता एक गोष्ट जी हमखास चुकते. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमीचा आणि सहा महिन्यांतला हवा. आजारपणानंतर माणसाचा चेहरा उतरतो. घरातला जुना पासपोर्ट साइज फोटो चिकटवला तर समोर बसलेला माणूस आणि फोटो जुळत नाही. नवा काढा. आणि बाबा स्वतः मागावर काम करत असतील तर बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. आठ-दहा दिवस रात्री खोबरेल चोळा, आणि आईच्या बोटांना त्या आठवड्यात मेंदी नको.

लालडबा_८

बाबांच्या तब्येतीचा भाग. "जायला हरकत नाही" हे उत्तर विमानासाठी आहे की डोंगरासाठी, ते आधी विचारा. डॉक्टरांना आकडा सांगून विचारा: ३,४५४ मीटर. आपलं सोलापूर साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर. युंगफ्राउयोखला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. आणि चढण फार झटपट होते. ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस या रोपवेचा पाळणा पंधरा मिनिटांत २,३२० मीटरवर नेतो, तिथून बोगद्यातली दात्यांची (दातेरी रुळावरून चढणारी) रेल्वे वर. तासाभरात अडीच हजार मीटर! शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. वर थंडी असते, पायऱ्या असतात, आनंदात माणूस भराभर चालतो आणि नाडी वाढते. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी) करून घ्या, त्याच्या रिपोर्टवर डॉक्टरांना ठरवू द्या.

नाही म्हणाले तर बर्फ हुकत नाही. लाउटरब्रुनेनहून वेंगेनमार्गे क्लाइने शाइडेगला रेल्वेनं जा. उंची २,०६१ मीटर, आणि आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिन्ही शिखरं तिथून समोर उभी. बाकावर बसून तास दोन तास नुसतं बघत बसावं अशी जागा आहे. तुम्हाला वर जायचं असेल तर आईबाबांना तिथे बसवून एकट्या जाऊन या. ल्युसर्नच्या बाजूला रिगी आहे, १,७९८ मीटर, फिट्सनाउहून १८७१ पासून दात्यांची रेल्वे चालते. विमानाच्या केबिनमधला दाबच १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो, म्हणजे विमानप्रवास झेपणाऱ्याला रिगी जड जाऊ नये. क्रम असा ठेवा: पहिले दोन दिवस खाली तळ्याकाठी, मग रिगी, मग शाइडेग. उतरल्या दिवशी कुठलाच डोंगर नको. छातीत दाब, धाप किंवा डोकं हलकं वाटलं तर वर बसून राहू नका, पुढच्या गाडीनं खाली.

गोळ्या. स्टेंटला जूनमध्ये अकरा महिने होतील, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या बहुधा चालूच असतील. एकही दिवस चुकवायची नाही. उन्हाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, तेव्हा रोजची वेळ तिथे किती वाजता येते ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. सगळं औषध हातातल्या बॅगेत, मूळ स्ट्रिपमध्येच. गोळ्यांचे डबे भरून नेऊ नका, नाव दिसायला हवं. प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत आणि औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहिलेलं. स्वतःपुरतं एका महिन्याचं औषध नेता येतं, तुम्हाला दहा दिवस अधिक आठवडाभर जादा पुरे. जिभेखालची गोळी बाबांच्या शर्टाच्या खिशात, आणि ती तिथे आहे हे आईलाही माहीत हवं. डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं कार्ड आणि आत्ताचा ईसीजी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. मुंबई-झुरिक थेट विमान साडेआठ-नऊ तासांचं, बाबांना चालायच्या वाटेलगतची सीट घ्या, दर दीड-दोन तासांनी उठवा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. चालता येतं म्हणून लाजायचं कारण नाही, विमानतळावरची लांबलचक चाल आणि रांग वाचते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे नोंदवायची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्याला वेळ लागतो.

विमा सगळ्यात महत्त्वाचा. व्हिसाला किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, पण तेवढ्यावर थांबू नका, तिथे रुग्णालयाचं बिल भराभर वाढतं. साध्या पॉलिसीत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. फॉर्ममध्ये "हृदयविकार आहे का" या प्रश्नाला एजंट सवयीने "नाही" करतो, प्रीमियम कमी यावा म्हणून. ते करू देऊ नका. पुढे छातीत दुखलं तर दावा जातो, कारण जुनी कागदपत्रं मागवतातच. आधीच्या आजारामुळे जीव धोक्यात आला तर किती रकमेपर्यंत देणार, हे कलम पॉलिसीत शोधून वाचा. ते नसेल तर दुसरी कंपनी बघा. तिथे ॲम्ब्युलन्सचा नंबर १४४.

दक्षिण_कसबा

भाकरीचं सोपं आहे. ज्वारीची किंवा बाजरीची कडक भाकरी न्या. ओलावा लागला नाही तर पुष्कळ दिवस टिकते. बॅगेत मात्र चुरा होतो, म्हणून पत्र्याच्या गोल डब्यात, दोन भाकऱ्यांमध्ये कागद घालून, वर फडकं गच्च कोंबा. हलली की फुटते. शेंगा चटणी कोरडी, मीठ कमी घालून करून घ्या (हार्टचा पेशंट आहे), दोन पिशव्यांत, चेक-इनमध्ये.

न्यायचं नाही ते: दूधदुभतं सगळं. तूप, पेढे, खवा, आणि लक्षात येत नाही ती दह्यातली सांडगी मिरची. मांसाचं काही नाही. घरचा आंबा, ताजा कढीपत्ता, भाजी, बी-बियाणं नाही. विमानतळावर काढून घेतात, वर दंड.

किचन असलेलं अपार्टमेंट घ्या, वरणभात रोज होतो. नळाचं पाणी पितात. दुकानं संध्याकाळी लवकर बंद, रविवारी तर बंदच, फक्त मोठ्या स्टेशनातली उघडी. आणि आपल्या किटलीचा तीन जाड पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर बसतो.

सातरस्ता_७

खूप आभार सगळ्यांचे. दह्यातली मिरची तर यादीत पहिलीच होती. पासपोर्ट काढून बघितले. बाबांचा नवा आहे, पण आईचा २० ऑगस्टला संपतो. १४ जूनला परत येणार, म्हणजे चालेल ना? आणि टूर की आपलं आपण, ते राहिलं.

फाइलवाला

नाही चालणार. शेंगेनमधून बाहेर पडायच्या तारखेनंतर पुढे किमान ३ महिने पासपोर्ट जिवंत लागतो, म्हणजे १४ सप्टेंबरपर्यंत. शिवाय दोन कोरी पानं. आजच नूतनीकरणाचा अर्ज करा, संपायच्या वर्षभर आधीपासून करता येतो. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये. सोलापुरात पोस्टातल्या केंद्रात काम होतं, पुण्याला जायला नको. पत्ता किंवा नावाचं स्पेलिंग बदलायचं असेल तर पोलिस पडताळणीचा वेळ धरा. स्पेलिंग नीट बघा. आपल्याकडे तेलुगू, कन्नड आडनावं आधारवर एक, पॅनवर दुसरं असतात. तिकीट आणि विमा पासपोर्टवरच्या स्पेलिंगनेच. नवा नंबर आल्याशिवाय व्हिसाचा फॉर्म भरू नका.

हुतात्मा_एक्सप्रेस

टूरबद्दल. बसच्या टूरमध्ये पहाटे उठून बॅगा बाहेर ठेवायच्या, एक-दोन रात्रींनी हॉटेल बदलायचं. अकरा महिन्यांपूर्वी स्टेंट बसलेल्या माणसाला बसच्या वेळापत्रकामागे पळवू नये असं माझं ठाम मत आहे. तिथे रेल्वे इतकी चांगली आहे की दोनच मुक्काम करा: विल्डर्सविल किंवा इंटरलाकेन पाच रात्री, ल्युसर्न चार रात्री. स्टेशनपासून पाच मिनिटांवर, लिफ्ट असलेलं. लिफ्ट आहे का ते लिहून विचारा, जुन्या इमारतींत नसते. टूरच घेतलीत तर टीसीएस (टूर कंपनी आगाऊ गोळा करते तो आयकर) घेतील. तो ज्याच्या पॅनवर त्याच्याच नावे जमा होतो, म्हणून आयटीआर भरणाऱ्याच्या नावे पैसे भरा, रिटर्नमध्ये वळता होतो.

पासचा हिशेब असा. स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा. रेल्वे, बस, बोटी आणि रिगीसुद्धा त्यात येतं. ज्येष्ठांना वेगळी सवलत नाही. पण पास घेतला की पैसे वसूल करायला रोज फिरलं जातं. तुम्ही दिवसाआड विश्रांती घेणार असाल तर हाफ फेअर कार्ड बघा, महिनाभर चालतं, बहुतेक तिकिटं निम्म्यात, युंगफ्राउयोखचंसुद्धा. दोन्हींची बेरीज तुमच्या रोजच्या बेतावर कागदावर करून बघा.

मुंबईला सकाळची वंदे भारत धरा, आठवड्यातून एक दिवस नसते तेवढं बघा. दुपारी दादर. तिथून टॅक्सीनं विमानतळाजवळच्या हॉटेलात, बाबा संध्याकाळपर्यंत झोपतील. त्या दिवशी सोलापूरहून गाडी करून थेट जाऊ नका, एक्स्प्रेसवेवर अडकलात तर हातात काही राहत नाही. आणि तारीख दोनदा वाचा. युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ४ जून, ०१:०० असेल तर विमानतळावर ३ जूनला रात्री नऊ-साडेनऊला पोहोचायचं. हॉटेल आणि वंदे भारतचं तिकीट ३ तारखेचं, विमाही ३ पासूनच.