गायक गेला, आता नुसत्या गिटारवर बँड चालवता येईल का?

खानापूरचा_लीड

नमस्कार मंडळी. आमचा चौघांचा रॉक बँड आहे. मी लीड गिटार वाजवतो. बेळगावच्या टिळकवाडीत ड्रमरच्या घरी गच्चीवरच्या खोलीत तालीम करतो. आमचा गायक नोकरीसाठी बेंगळूरला गेला आणि आता तो काही परत येत नाही. दोघातिघांना गाऊन बघायला सांगितलं, पण कुणाचा आवाज बसला नाही. ड्रमर म्हणतो, गायकच नको, नुसतं वाजवू.

मला ते आवडतंय, पण एक अडचण आहे. गाणाऱ्याची जागा आली की तिथं मी सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा वाजवतो. पहिल्या गाण्यात बरं वाटतं. तिसऱ्या गाण्यापर्यंत सगळी गाणी सारखीच ऐकू येतात. शिवाय आपल्याकडे गणपतीत काय, शिवजयंतीला काय, लोकांना शब्द लागतात. एका मंडळानं तर तोंडावरच विचारलं, गाणार कोण?

रॉकमधून निघून नुसत्या वाद्यावर आलेला आणि तिथं टिकलेला कुणी आहे का? नुसतं नाव नको, त्यानं नेमकं काय केलं ते सांगा.

कोरे_गल्ली_शहापूर

जेफ बेक, रॉक गिटारवादक. तो १० जानेवारी २०२३ ला गेला, तेव्हापासून त्याच्यावर लिहायचं मनात होतं. लांबण लागेल, पण सवडीनं वाच.

जन्म १९४४ चा, इंग्लंडमधला. १९६५ साली गिटारवादक एरिक क्लॅप्टन यार्डबर्ड्स हा रॉक बँड सोडून गेला आणि त्याच्या जागी हा आला. त्याच वर्षी 'हार्ट फुल ऑफ सोल' या त्यांच्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला एक सतारवादक बोलावला होता. ते काही जमून येईना. मग बेकनं सतारीची ती लकेर फझ (आवाज खरखरीत करणारं यंत्र) लावून गिटारवर वाजवली आणि रेकॉर्डवर तीच राहिली. वयाच्या एकविसाव्या वर्षीच गिटारमधून दुसऱ्याचा आवाज काढायची त्याला ओढ होती. पुढची सगळी वाट मला त्या लकेरीत दिसते.

मग त्यानं स्वतःचा बँड काढला. गायला रॉड स्टुअर्ट, बासवर रॉनी वुड. १९६८ ची 'ट्रुथ' ही रेकॉर्ड ऐक. गाणारा ओळ टाकतो, गिटार ती उचलते, आपल्याकडे गवयाच्या मागे सारंगी चालते तशी. १९६९ मध्ये बँड फुटला. १९७२ मध्ये टिम बोगर्ट आणि कार्माइन अपिस यांना घेऊन तिघांचा बँड केला, तोही फार चालला नाही. या सगळ्याच्या आधी, १९६७ मध्ये, एक गाणं तो स्वतः गायला होता, ते चाललंही, पण गाण्यात त्याचं मन कधी रमलं नाही. म्हणजे तुझ्यासारखाच प्रश्न त्याच्यापुढेही होता, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

१९७५ मध्ये 'ब्लो बाय ब्लो' आली. गायकच नाही. निर्माता कोण, तर बीटल्सचा जॉर्ज मार्टिन. नुसत्या वाद्यांची ही रेकॉर्ड अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली. त्या काळात गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक बँडचा त्याच्यावर मोठा प्रभाव होता, त्यांच्याबरोबर त्यानं दौराही केला. पण मॅक्लॉफ्लिनच्या वेगाच्या नादी तो लागला नाही, आणि याचसाठी मला तो मोठा वाटतो.

त्या रेकॉर्डमधलं 'कॉज वी हॅव एंडेड ॲज लव्हर्स' आज रात्री हेडफोन लावून ऐक. चाल स्टीव्ही वंडरची. आदल्याच वर्षी सिरीटा नावाच्या गायिकेनं ते शब्दांसकट गायलं होतं. बेकनं शब्द काढले आणि चाल ठेवली. सुरुवातीला व्हॉल्यूमचं काम बघ. तार छेडताना आवाज अगदी खाली, मग करंगळीनं नॉब फिरवत सूर वर आणायचा. तारेवरचा ठोका कानावर येतच नाही, गळ्यातून निघाल्यासारखा सूर येतो. ओळ संपली की तो थांबतो. मागे मॅक्स मिडलटनचा कीबोर्ड एकटा चालू असतो. तिथं चार सुरावटी सहज बसल्या असत्या, पण तो हात उचलून घेतो. पुढची ओळ येते तेव्हा आपण तिची वाट बघत असतो.

पुढे ऐंशीच्या दशकात त्यानं पिक (तार छेडायची चकती) टाकून दिलं आणि बोटांनी वाजवायला लागला. अंगठ्यानं तार छेडायची, व्हॅमी बार (हलवला की सूर वरखाली करणारी कांडी) बाकीच्या बोटांत धरलेला, करंगळी नॉबवर. एकाच हातात तीन कामं. त्याच्या स्ट्रॅट गिटारचा ब्रिज (तारा अडकवायचा भाग) असा लावलेला असायचा, की बारनं सूर खाली जायचा तसा वरही चढायचा. १९८९ च्या 'गिटार शॉप'मधलं 'व्हेअर वेअर यू' ऐक. बल्गेरियातल्या बायकांचं समूहगान ऐकून त्याला ते सुचलं. हार्मॉनिक (तारेला हलकं बोट लावून काढलेला घंटेसारखा सूर) वाजवायचं आणि नुसत्या बारनं त्याच्यावर चाल उभी करायची. आधाराला पडदा नाही, सगळा हिशोब कानाचा. सूर केसभर हलला तरी उघडा पडतो.

आणि 'नादिया' ऐकल्याशिवाय गिटार हातात धरू नको. रचना नितीन साहनीची, १९९९ च्या त्याच्या 'बियाँड स्किन'मध्ये स्वाती नाटेकरांनी ती गायली आहे. बेकनं बाईंच्या गळ्यातली प्रत्येक हरकत, प्रत्येक मींड (सुरावरून सुरावर न तुटता सरकणं) गिटारवर घेतली. आधी बाईंचं ऐक, मग त्याचं.

तर तुझ्या अडचणीचं उत्तर असं, की गाणाऱ्याच्या जागी सोलो वाजवू नको, त्याची ओळ वाजव. मुखडा जसा आहे तसा, श्वास घेतो तिथं श्वास घेऊन. अंतऱ्याला एक सप्तक वर जा. सोलो एकदाच, तोही शेवटाकडे. मी पूर्वी ऑर्केस्ट्रात लीडला होतो. गायिका यायला उशीर झाला की तिची गाणी मीच वाजवून वेळ काढायचो. लोक उठून जात नसत. चाल ओळखीची असली की शब्द त्यांच्या तोंडात आपोआप येतात.

वडगावचा_बेंजो

काय गा खानापूरकर, लोकांना शब्द लागतात हे कुणी सांगितलं तुला? मिरवणुकीत आमच्या बेंजोपुढं पोरं रात्रभर नाचतात, तिथं गाणारा कुठं असतोय? आम्ही शब्द वाजवतो म्हण की. 'देवा' दोन अक्षरी, तर दोनच टोले, तिसरा नाही.

बेंजोला मींड नाही बघ. बटण दाबलं की सूर जागच्या जागी. लांब सूर धरायचा तर तारेवर भराभरा हात मारत राहावं लागतंय, थांबलं की सूर मेला. तुझी गिटार सूर ओढती, वाकवती, धरून ठेवती. एवढं असून तू गायक शोधत फिरतोस याचं वाईट वाटतंय मला.

पहिली दोन गाणी ओळखीची घे. तुमची स्वतःची तिसऱ्यापासून.

कॅम्पातला_जॉर्ज

कोरे गल्लीवाल्या काकांशी बहुतेक सहमत, पण अर्धंच चित्र झालं. बेकनं गायक कायमचे सोडले नव्हते. १९८५ च्या 'फ्लॅश'मध्ये रॉड स्टुअर्ट परत गायला. २००७ मध्ये लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात त्याचे कार्यक्रम झाले, त्यांत जॉस स्टोन आणि इमोजेन हीप गायल्या. कार्यक्रमाचा कणा गिटारच, पण मधेच एखादा मानवी आवाज आला की कान ताजे होतात. तुम्हीही ओळखीच्या कुणाला एकदोन गाण्यांपुरतं बोलवा. अख्ख्या बँडचा भार त्या माणसावर टाकू नका.

दुसरं, व्हॅमी बार वापरणार असशील तर ट्यूनिंगचं आधी बघ. नट म्हणजे दांडीच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. बेकच्या गिटारला रोलर नट होता, तार अडकत नसे. साध्या नटच्या खाचांत मऊ पेन्सिलीचं शिसं घास, पुष्कळ फरक पडतो. आपल्या पावसाळ्यात तारा लवकर गंजतात आणि नेकसुद्धा (गिटारची दांडी) हलते. गणपतीच्या आधी नवीन तारा घाल, पण आदल्या दिवशी नको. त्यांना ताणून बसायला वेळ दे.

खानापूरचा_लीड

सगळ्यांचे आभार. काका, काल रात्री आधी स्वातीताईंचं ऐकलं, मग बेकचं, मग परत ताईंचं. दोन ओळी गुणगुणून बसवल्या, पण गिटारवर दुसऱ्या ओळीतली उतरती मींड येत नाही. मी तार वाकवून वर जातो, ते जमतं. खाली येताना सूर तुटतो.

आणि आमचा बासवाला विचारतोय, तुम्ही थांबता तेव्हा मी काय करायचं?

कोरे_गल्ली_शहापूर

खाली यायचं असेल तर आधीच वर जाऊन बस. खालच्या पडद्यावर बोट ठेव, तार न छेडता हव्या त्या सुरापर्यंत वाकव, मग छेड आणि हळूहळू सोड. तार छेडायच्या आधी सूर कानात पक्का हवा, म्हणून रोज तंबोऱ्यावर कर, मोबाईलवरचा तंबोरा चालेल. सोडताना बोटाचा दाब कमी करू नको, दाब ढिला पडला की सूर तुटतो. तुझं तेच होत असणार. बारनं नंतर कर, आधी बोटानं येऊ दे.

बासवाल्याला सांग, 'ब्लो बाय ब्लो'मध्ये फिल चेनचा बास ऐक. गिटार थांबली म्हणून तो जास्त वाजवत नाही, होता तसाच चालत राहतो. तुमचा ड्रमर तिथं रोल मारायला जाईल, त्याला आवर.

शनिवारी संध्याकाळी मी टिळकवाडीत येतोच आहे. पत्ता निरोपात कळव. माझा जुना अँप घेऊन येतो, तुझ्या इफेक्टच्या प्रोसेसरशिवाय वाजवून बघू.